छोट्या शर्यतीचा मोठा वेळ : खराब हवामानात पाच आणि दहा किलोमीटर

मित्रहो, मॅरेथॉनच्या दिवशी हवामान बिघडले तर काय करायचे, यावर धावपटूंमध्ये पुष्कळ चर्चा होते. पाच किंवा दहा किलोमीटरच्या शर्यतीचा विषय निघाला की मात्र ‘अर्ध्या-पाऊण तासाचा तर प्रश्न आहे’ असे म्हणून तो बाजूला सारला जातो. हा हिशेब चुकीचा आहे, आणि ती चूक दाखवण्यासाठीच मी आज आपल्यापुढे उभा आहे. अर्धा तास हा केवळ पळण्याचा वेळ झाला. त्याआधी प्रारंभरेषेवर ताटकळत उभे राहण्याचा आणि नंतर कोरडे कपडे अंगावर चढेपर्यंतचा वेळ त्यात मिळवला, तर त्याच हवामानात धावपटू दीड-दोन तास काढतो, आणि त्यातला बराचसा वेळ तो पळत नसतो. शिवाय छोट्या शर्यतीत वेग जास्त असतो आणि चूक सुधारायला सवड नसते. मॅरेथॉनमध्ये पहिले तीन किलोमीटर बिघडले तर पुढे एकोणचाळीस शिल्लक असतात, पाच किलोमीटरमध्ये निम्म्याहून अधिक शर्यत हातची गेलेली असते.

थंड पावसापासून सुरुवात करतो, कारण तिथे माझी स्वतःची चूक झालेली आहे. दहा किलोमीटरची शर्यत होती, पहाटेपासून बारीक पाऊस लागलेला होता आणि वाराही होता. मी नेहमीच्या सवयीने शर्यतीच्या चाळीस मिनिटे आधी वॉर्म-अप उरकला, अंगावरचे जाकीट पिशवीत टाकून पिशवी जमा केली आणि गर्दीत जागा धरून उभा राहिलो. सुरुवात लांबली. टोपीच्या कडेवरून पाण्याचे थेंब एकेक करून नाकावर पडत होते आणि मांड्यांवरचे केस उभे राहिले होते, एवढे मला स्पष्ट आठवते. बंदुकीचा आवाज झाला तेव्हा पाय लाकडी ओंडक्यासारखे झाले होते, आणि ते मोकळे व्हायला मला अडीच किलोमीटर लागले.

याचे कारण साधे आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट अधिक चांगले उष्णतावाहक आहे, त्यामुळे ओल्या कापडाखालची त्वचा झपाट्याने निवते, आणि वारा त्या कापडातले पाणी वाळवताना आणखी उष्णता ओढून घेतो. थंड झालेला स्नायू हळू आकुंचन पावतो आणि त्याची ताकद कमी पडते. लांब शर्यतीत शरीर वाटेत तापते. छोट्या शर्यतीत तुम्हाला पहिल्याच मिनिटापासून पूर्ण क्षमतेने पळायचे असते, म्हणून तापलेले पाय घेऊनच प्रारंभरेषेवर यावे लागते. तेव्हा थंड पावसात वॉर्म-अप उशिरा करावा, शर्यतीला दहा-पंधरा मिनिटे उरेपर्यंत तो चालू ठेवावा आणि त्यानंतरही जागच्या जागी हालचाल थांबवू नये. कचऱ्यासाठी वापरतात तसली प्लॅस्टिकची मोठी पिशवी, डोक्यासाठी आणि हातांसाठी भोके पाडून, शेवटच्या क्षणापर्यंत अंगावर ठेवावी. ती दिसायला बरी दिसत नाही, पण वारा आणि पाऊस दोन्ही अडवते. सुरुवात झाली की ती रस्त्यावर न टाकता स्वयंसेवकाच्या हाती द्यावी, कारण पायात अडकलेल्या प्लॅस्टिकने मागून येणारा धावपटू हमखास पडतो.

प्रत्यक्ष पळताना मात्र कपडे कमीच हवेत. माणूस पळताना दर किलोमीटरला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक किलोकॅलरी खर्च करतो आणि तिचा बहुतांश भाग उष्णता बनून बाहेर पडतो, त्यामुळे पळते शरीर स्वतःला बऱ्यापैकी उबदार ठेवते. सुती बनियन पाणी धरून ठेवतो, जड होतो आणि काखेत, छातीवर घासतो. अंगाला बसणारा कृत्रिम धाग्याचा बनियन, घासणाऱ्या जागी व्हॅसलीन, हातमोजे आणि कडेची टोपी एवढे पुरते. बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ मारावी, कारण भिजलेली नाडी सैल होते आणि छोट्या शर्यतीत ती बांधायला वाकण्यात गेलेली वीस सेकंदे परत मिळत नाहीत.

रस्त्याविषयी एकच गोष्ट सांगतो. ओले डांबर सहसा दगा देत नाही. दगा देतात ते पांढऱ्या रंगाचे पट्टे, मॅनहोलची लोखंडी झाकणे आणि सडलेल्या पानांचा थर, आणि ही तिन्ही नेमकी वळणांवर सापडतात. वळण येण्याआधीच वेग थोडा कमी करावा, वळणावर पावले लहान टाकावीत आणि पाय शरीराच्या खालीच पडेल असे पाहावे.

आता वाऱ्याकडे वळू, कारण धावपटू सर्वांत जास्त फसतो तो इथे. हवेचा विरोध हा आपल्या आणि हवेच्या एकमेकांशी असलेल्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाच किलोमीटर २५ मिनिटांत पळणाऱ्या धावपटूचा वेग ताशी १२ किलोमीटर असतो. समोरून ताशी १२ किलोमीटरचा वारा असेल, तर त्याला हवा ताशी २४ किलोमीटरने लागते आणि विरोध चौपट होतो. तोच वारा पाठीशी आला की विरोध शून्यावर येतो. म्हणजे वारा नसताना जाताना एक भाग आणि येताना एक भाग, असा एकूण दोन भाग विरोध असतो. वारा असताना तो चार आणि शून्य असा एकूण चार भाग होतो. ‘जाताना जे गमावले ते येताना भरून काढू’ ही समजूत म्हणून खरी ठरत नाही. त्यातच समोरच्या वाऱ्यात वेग मंदावल्याने माणूस त्या वाऱ्यात जास्त वेळ राहतो.

सगळी शर्यत वारा पाठीशी घेऊन पळण्याचा फायदा मिळू नये, म्हणूनच जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने रस्त्यावरील विक्रमांसाठी अट घातली आहे : प्रारंभ आणि शेवट यांतले सरळ अंतर शर्यतीच्या अंतराच्या निम्म्याहून जास्त असता कामा नये. २०११ साली बोस्टनमध्ये जेफ्री मुताई यांनी २ तास ३ मिनिटे २ सेकंद अशी वेळ दिली. तोवर मॅरेथॉन इतक्या वेगाने कोणी पळाले नव्हते, पण तो जागतिक विक्रम धरला गेला नाही. बोस्टनचा मार्ग एका गावातून निघून दुसरीकडे संपतो, त्याचा एकूण उतारही नियमापेक्षा जास्त आहे, आणि त्या दिवशी वारा पाठीशी होता.

मग करायचे काय? ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू, जे १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही होते, त्यांनी १९७१ साली वाऱ्याच्या विरोधावर प्रयोग प्रसिद्ध केले. पुढच्या धावपटूच्या साधारण एक मीटर मागे राहून पळाल्यास हवेच्या विरोधावर खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ८० टक्के वाचते, असे त्यांना आढळले. मध्यम पल्ल्याच्या वेगाला ही बचत प्राणवायूच्या एकूण वापराच्या साधारण ६.५ टक्के भरली. तेव्हा समोरून वारा असताना एकट्याने पुढच्या घोळक्याचा पाठलाग करण्यात शहाणपण नाही. आपल्या वेगाच्या जवळपासचा घोळका गाठावा, लागल्यास पहिल्या किलोमीटरला थोडे थांबून मागून येणारा घोळका घ्यावा, त्यात आडोसा धरावा आणि आपली पाळी आली की पुढे जाऊन तोंडावर वारा घ्यावा. नुसते दुसऱ्याच्या पाठीमागे दडून शेवटच्या दोनशे मीटरला पुढे निघणे नियमात बसते, पण मी माझ्या शिष्यांना ते शिकवत नाही. आणि घड्याळ? समोरच्या वाऱ्यात घड्याळातला पेस, म्हणजे दर किलोमीटरला लागणारा वेळ, पाहू नये. श्वासाची लय धरावी, आणि वारा पाठीशी येताच, आराम वाटतो म्हणून सैल न पडता, तीच मेहनत चालू ठेवावी.

खराब हवामान म्हटले की पाऊस डोळ्यांपुढे येतो. जीव मात्र जास्त वेळा उकाड्यात धोक्यात येतो. श्रमाने होणारा उष्माघात लांब शर्यतीतच होतो असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. शरीरात उष्णता किती झपाट्याने तयार होते हे वेगावर ठरते, आणि छोट्या शर्यतीत वेग जास्त असतो. अमेरिकेतील फॅलमथ येथे ऑगस्टमध्ये होणारी शर्यत जेमतेम ११.३ किलोमीटरची आहे. तिथल्या १८ वर्षांच्या नोंदींत उष्माघाताचे २७४ रुग्ण आढळले. त्यातले सर्व वाचले, ही त्या वैद्यकीय पथकाची कामगिरी. रुग्णाला जागच्या जागी बर्फाच्या पाण्याच्या टबात बुडवायचे आणि तापमान उतरल्यावरच रुग्णालयात हलवायचे, हा तिथला क्रम आहे.

दमट हवेत घाम निथळतो, पण वाळत नाही. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम थेंबाथेंबाने रस्त्यावर पडला तर जवळजवळ काहीच नेत नाही. म्हणून नुसते तापमान न पाहता आर्द्रता आणि ऊनही धरणारा ‘डब्ल्यूबीजीटी’ हा निर्देशांक पाहावा. त्यात ओल्या फडक्याच्या तापमापकाला ७० टक्के, काळ्या गोळ्यातल्या तापमापकाला २० टक्के आणि साध्या तापमापकाला अवघे १० टक्के वजन असते. आर्द्रतेचे महत्त्व किती, हे त्यावरूनच कळावे. तो निर्देशांक चढलेला असेल तर ठरवलेली वेळ घरीच विसरावी. शेजारी पळणारा झोकांडू लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा विनाकारण चिडू लागला, तर आपली शर्यत सोडून त्याच्यापाशी थांबावे आणि मदत बोलवावी. त्याची त्वचा घामाने ओली आहे, कपाळ फारसे तापलेले लागत नाही, म्हणून निर्धास्त होऊ नये. आतले तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असू शकते, आणि कपाळावरचा किंवा कानातला तापमापक ते नीट दाखवत नाही.

विजांबाबत तडजोडच नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंद किंवा त्याहून कमी गेले, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे; पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे बाहेर पडू नये. झाडाखाली किंवा तंबूत थांबणे हा आसरा होत नाही. आयोजकांनी अशा वेळी शर्यत पुढे ढकलली तर त्यांच्यावर रागावू नका. तो निर्णय घेताना त्यांचा घसा किती कोरडा पडतो, हे मी जवळून पाहिले आहे.

आता पुन्हा त्या पावसातल्या शर्यतीकडे येतो, कारण शेवट राहिला आहे. अंतिम रेषा ओलांडली तेव्हा मला बरे वाटत होते. पाचच मिनिटांत दात वाजू लागले. पिशवी घ्यायला बिब, म्हणजे छातीवरचा क्रमांकाचा कागद, दाखवायचा होता, तो भिजून पोटाला चिकटला होता, आणि काढावा म्हटले तर सेफ्टी पिना उघडेनात. बोटे वाकत होती, पण चिमटीत जोर नव्हता. शेवटी एका स्वयंसेविकेने चारही पिना काढल्या आणि माझ्या नाड्याही सोडल्या. पळणे थांबले की उष्णता तयार होणे थांबते, अंग मात्र ओलेच राहते. चंदेरी पन्नीची चादर वारा अडवते, पण आतले ओले कपडे काही कोरडे करत नाही. म्हणून त्या दिवसापासून माझ्या पिशवीत वस्तू काढायच्या क्रमाने भरलेल्या असतात : सर्वांत वर टॉवेल, त्याखाली बटणे नसलेला लोकरीचा सदरा, मग टोपी, मग सैल विजार, आणि तळाशी नाड्या नसलेल्या चपला.