मे महिन्यातील विहीर आणि आईचे दूध

नमस्कार, श्रोतेहो.

कोकणातील बाईला पाण्याचा हिशेब शिकवावा लागत नाही. एप्रिल सरत आला, जांभ्यातील विहिरीचा तळ दिसू लागला, की घरातील वडीलधारी बाई बजावते : आता दोनच कळश्या काढा, बाकीचे दुपारपर्यंत जमू द्या. हाच हिशेब आपण नकळत आईच्या दुधालाही लावतो. ‘आता पिळून काढू नकोस गो, रात्री बाळाला काय पाजशील?’ हे वाक्य परिचारिका म्हणून मी बाळंतिणीच्या खाटेशेजारी कितीदा ऐकले असेल याची गणती नाही. ते मायेपोटीच बोललेले असते. परंतु दूध विहिरीच्या नेमके उलट वागते. स्तन भरलेला राहिला, तर पुढचे दूध तयार होण्याचा वेग मंदावतो. रिकामा झाला, तर तो वाढतो. राखून ठेवलेले दूध वाढत नाही, आटते.

बाळ ओढू लागले किंवा हाताने अथवा पंपाने दूध काढले, की आईच्या रक्तात प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन ही दोन संप्रेरके स्रवतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करवते, ऑक्सिटोसिन पान्हा फोडते. प्रोलॅक्टिनचे प्रमाण रात्री अधिक असते, म्हणून पहिल्या काही महिन्यांत रात्रीचे पाजणे टाळून दिवसा भरपाई करू म्हटले, तर ते सहसा साधत नाही. पान्ह्याचे तर मनाशी थेट नाते आहे. बाळाच्या झबल्याचा वास पुरतो, शेजारच्या बाळाचे रडणेही पुरते. आणि दाराबाहेर कुणी ‘झाले का?’ म्हणून विचारत उभे असेल, तर आलेला पान्हा मागे फिरतो.

हे मी पुस्तकातून नंतर वाचले, आधी अंगावर काढले. पहिल्या बाळंतपणानंतर कामावर रुजू झाले, तेव्हा दूध काढायला जागा मिळाली ती सामानाच्या खोलीत, सलाइनच्या खोक्यांमागे. दाराला कडी नव्हती. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात वाटीत जमले ते जेमतेम 20 मिलिलिटर, आणि ठेवायला जागा नसल्यामुळे तेही मोरीत ओतले. मग मी टाळू लागले. दुपारचे संध्याकाळवर ढकलायचे, ठणका लागला तर पदर घट्ट आवळायचा. तीन आठवड्यांत छाती सैल पडली आणि घरात ‘हिला दूधच नाही’ असा निकाल लागला. एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी कडी बसवून घेतली आणि दर तीन तासांनी मला त्या खोलीत अक्षरशः ढकलले. साधारण दहा दिवसांत दूध परत आले. मी खाण्यात काहीच बदलले नव्हते.

म्हणून कामावर जाणाऱ्या आईला मी आधी वेळापत्रक विचारते, लाडू नंतर. बाळ घरी जितक्या वेळा पिते, जवळजवळ तितक्याच वेळा बाहेर असताना दूध काढावे. म्हणजे आठ तासांत निदान तीनदा. बाळ नवजात शिशू विभागात असेल आणि अजून पिऊ शकत नसेल, तर पहिल्या दिवसापासून रात्र धरून 24 तासांत आठ ते दहा वेळा. सुरुवातीचा चीक चमचाभरच निघतो, आणि तेवढाच अपेक्षित असतो.

हाताने दूध काढण्याची रीत सावकाश सांगते. हात धुवावेत, उकळून घेतलेली रुंद तोंडाची वाटी मांडीवर घ्यावी. स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे अंगठा वर आणि तर्जनी खाली ठेवावी. आधी दोन्ही बोटे बरगडीकडे आत दाबावीत, मग एकमेकांकडे आणावीत आणि सोडावीत. त्वचेवरून बोटे ओढू नयेत. गाईची धार काढतो तसे हे नव्हे. पहिली दोन मिनिटे काहीच येत नाही आणि बहुतेक जणी इथेच थांबतात. मग थेंब येतात आणि अचानक तीन-चार बारीक धारा वाटीच्या कडेवर वाजतात. बोटे फिरवत दोन्ही बाजूंनी मिळून वीस-तीस मिनिटे द्यावीत. पंप वापरत असाल तर स्तनावर बसणारे त्याचे फनेल मापाचे असू द्या. स्तनाग्र घासत असेल तर माप चुकले आहे. ओढ वाढवली म्हणून दूध अधिक येत नाही, दुखले की उलट पान्हा आखडतो.

वाटीत किती आले यावरून मात्र दूध किती आहे हे ठरवू नका. पहिला महिना उलटल्यापासून सहा महिन्यांपर्यंत बाळ दिवसाला सरासरी 750 मिलिलिटरच्या आसपास दूध पिते, त्यामुळे एका वेळेला 90 ते 120 मिलिलिटर ठेवले तरी बहुधा पुरते. बाळ दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लंगोट भिजवते आणि त्याचे वजन वाढते, एवढे पाहावे.

साठवणीचे नियम थंड देशांतील घरे गृहीत धरून लिहिलेले असतात. साधारण 25 अंश तापमानात काढलेले दूध चार तास टिकते. आपल्याकडे मे महिन्यात स्वयंपाकघर त्याहून कितीतरी तापते, तेव्हा ते ताबडतोब फ्रिजमध्ये, दारात नव्हे तर आतल्या बाजूला, झाकणाच्या भांड्यात ठेवावे. बांगड्याचे भांडे खालच्या कप्प्यात न्यावे, हे वेगळे सांगायला नको. फ्रिजच्या आतल्या बाजूला दूध चार दिवस चालते. पावसाळ्यात वीज गेली तर फ्रिजचे दार उघडू नये. बंद फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो. वर साय धरलेली दिसली तर दूध नासले असे समजू नका, भांडे हलके फिरवले की ती मिसळते. कोमट पाण्यात भांडे ठेवून दूध कोमट करावे, गॅसवर तापवू नये, आणि वाटी-चमच्याने पाजावे. घरातील जुने बोंडले कितीही लाडके असले तरी त्याची तोटी आतून नीट घासता येत नाही.

खाण्याविषयी थोडेच. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मोरीचे, म्हणजे शार्क माशाचे, कालवण यांना माझा विरोध नाही. बाळंतिणीला आयते, गरम अन्न मिळते हे मोलाचे आहे. मात्र मोठ्या मोरीत पारा अधिक असतो, तेव्हा ती रोज नको. तारली, बांगडा खुशाल खावा.

स्तनात गाठ आली तर दाबून चोळू नये. पाजणे चालू ठेवावे, गार पाण्याची घडी ठेवावी आणि ताप एका दिवसात उतरला नाही तर डॉक्टरांकडे जावे.

कायद्याने 2017 पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि बाळ 15 महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सवड देण्याची तरतूद त्याआधीपासूनची आहे. ती मागणाऱ्या फार थोड्या भेटतात. काजूच्या कारखान्यात रोजावर बसणारीला आणि टोपली घेऊन फिरणारीला यातले काय मिळते, हे आपण जाणतोच.

हर्णै बंदरावर मी एक सासूबाई पाहिल्या. संध्याकाळचा लिलाव सुरू होण्याआधी त्या नातवाला घेऊन होड्यांच्या आडोशाला येऊन बसत. सून टोपल्या मांडून येई, हात खळखळून धुई, बाळाला पदराखाली घेई. लिलावाची पहिली हाक आली तरी सासूबाई तिला उठू देत नसत. ‘दुसरी बाजू राहिली आहे,’ म्हणत आणि सुनेच्या टोपल्यांपाशी जाऊन स्वतः उभ्या राहत.

नमस्कार.