मिसावाचा धक्का

समुद्र पोटात काही ठेवत नाही, घेतलेलं परत देतो, असं आपण ऐकत आलोय. ते अर्धंमुर्धंच खरं आहे. ११ मार्च २०११ ला जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर त्सुनामी आली, तेव्हा तिथल्या पर्यावरण मंत्रालयाच्या अंदाजानुसार ५० लाख टन सामान समुद्रात ओढलं गेलं. त्यातलं सत्तर टक्के किनाऱ्यालगतच बुडालं, ते कुणालाच परत मिळालं नाही. उरलेलं १५ लाख टन तरंगत निघालं. त्यातल्या एका वस्तूबद्दल आज मुख्यतः बोलतो.

५ जून २०१२. अमेरिकेतलं ओरेगन राज्य, न्यूपोर्टजवळचा अगेट बीच. वाळूवर एक अख्खा धक्का येऊन पडला होता. मासेमारी बंदरात होड्या लावायला असतो तसा, तरंगता. बाहेरून काँक्रीट, आत थर्माकोल. लांबी वीस मीटर, वजन दीडशे टनांच्या वर. त्यावरच्या जपानी अक्षरांच्या पाटीवरून पत्ता लागला : आओमोरी प्रांतातलं मिसावा बंदर. तिथून असे चार धक्के वाहून गेले होते.

तो आला कसा? जपानजवळून कुरोशिओ प्रवाह निघतो, तो पुढे उत्तर पॅसिफिक प्रवाहाला मिळतो आणि अमेरिकेपाशी त्याला दोन फाटे फुटतात, एक अलास्काकडे, एक कॅलिफोर्नियाकडे. पण निव्वळ प्रवाहावर हिशोब मांडाल तर फसाल. पाण्याच्या वर जितकं अंग, तितका वारा जास्त लागतो. कालवांच्या शेतीतले पोकळ काळे फ्लोट पहिल्याच हिवाळ्यात पलीकडे पोचले. अर्धे बुडालेले वासे मागून रखडत आले. त्यामुळे ‘कचरा कधी पोचणार’ या प्रश्नाला एक तारीख कधीच नव्हती.

लोकांना भीती वाटली ती किरणोत्सर्गाची. वस्तू तपासल्या, तसं काही सापडलं नाही. बहुतेक सामान फुकुशिमा अणुप्रकल्पातली गळती सुरू होण्याआधीच समुद्रात गेलं होतं. खरी काळजी धक्क्याच्या अंगावर चिकटून बसली होती. वाकामे शेवाळ, आशियाई खेकडे, उत्तर पॅसिफिकचा तारामासा, शिंपले. सगळे जिवंत! स्वयंसेवकांनी फावड्यांनी धक्का खरवडला, निघालेला सुमारे दीड टन ऐवज भरतीच्या रेषेच्या वर खड्ड्यात पुरला आणि उघड्या पडलेल्या काँक्रीटवर गॅसच्या ज्वाळा फिरवल्या. एवढ्या लांबून जगून आलेल्या जिवांचं असं स्वागत! पण दुसरा इलाज नव्हता. परका जीव एकदा रुजला की किनाऱ्यावरून हटत नाही.

जीव वाहून जाणं नवं नाही. १९९५ च्या चक्रीवादळांनंतर कॅरिबियनमधल्या अँग्विला बेटावर झाडांच्या तराफ्यावरून हिरव्या इग्वाना उतरल्या होत्या. पण लाकडाला मुदत असते. समुद्री जीव ते पोखरतात, ते कुजतं, बुडतं. किनाऱ्यावरचे जीव भर समुद्रात वर्षानुवर्षं टिकणार नाहीत, असा समज होता तो काही अंशी त्यामुळेच. सागरी जीवशास्त्रज्ञ जेम्स कार्लटन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आकडा दिला : त्सुनामीच्या सामानावरून जपानी जिवांच्या २८९ जाती उत्तर अमेरिका आणि हवाईला जिवंत पोचल्या होत्या. काही तर जवळजवळ सहा वर्षांनी. लाकूड यायचं थांबलं तरी प्लास्टिक आणि फायबरग्लास येतच राहिले. लाट निसर्गाची होती, तराफा आपला.

धक्क्याचे पुढे तुकडे केले गेले. एक तुकडा न्यूपोर्टच्या सागरी विज्ञान केंद्रापाशी ठेवलाय.

खरवडण्याचा आणखी एक प्रसंग सांगतो. एप्रिल २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या क्रेसेंट सिटीला एक छोटी होडी लागली, अंगभर बार्नॅकल, म्हणजे कवचवाले छोटे समुद्री जीव, चिकटलेली. तिच्यावरची अक्षरं वाचल्यावर ती जपानमधल्या रिकुझेनताकाता गावच्या ताकाता हायस्कूलची निघाली. क्रेसेंट सिटीतल्या हायस्कूलच्या मुलांनी ती घासूनपुसून स्वच्छ केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिला गावी पोचवण्यात आलं. होडीचं नाव होतं कामोमे. जपानीत त्याचा अर्थ कुरव पक्षी.