आरएक्सची टाकी आणि एक फालतू भोक

(पडदा काळा. किक मारल्याचा आवाज. काही नाही. पुन्हा किक. इंजिन लागतं.)

हा आवाज ज्यांनी ओळखला, त्यांच्या अंगावर एव्हाना काटा आला असेल. ज्यांनी ओळखला नाही त्यांच्यासाठी सांगतो. यामाहा आरएक्स 100. टू-स्ट्रोक, 98 सीसी, 11 अश्वशक्ती, आणि अंगानं इतकी हलकी की पुढचं चाक उचलायला फारसा खोडसाळपणा लागायचा नाही. एस्कॉर्ट्स या भारतीय कंपनीनं यामाहाच्या साथीनं ती 1985 मध्ये भारतात आणली. सुरुवातीच्या गाड्यांचे भाग जपानहून यायचे आणि इथं जोडले जायचे. 1996 मध्ये कंपनीनं ही गाडी बनवणं बंद केलं.

रस्त्यावरच्या गाड्यांना मात्र हे कुणी कळवलं नाही.

(पुणे. नाना पेठ. सकाळी अकराची वेळ. टेम्पोतून टायर उतरतायत.)

नाना पेठेतलं एक दुकान. समोर दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याला रस्त्यावर थांबावं लागतं. छताला केबल लोंबतायत, मागच्या फळीवर हेडलाइटची खोकी. एक तरुण विचारतो, "काका, आरएक्सची टाकी आहे?"

"आहे."

"ओरिजिनल?"

काका चष्म्यावरून बघतात. "ओरिजिनल कंपनीकडं नाही, माझ्याकडं कुठनं येणार? लोकल आहे. पत्रा चांगलाय. रंग तुमचा तुम्ही करून घ्या."

टाकी काउंटरवर येते. काळा प्रायमर, खाली शिवणीवर वेल्डिंगचा एक जाडसर गुठळा. वरून हात फिरवला तर तोच उतार, गुडघे टेकायला त्याच जागी तोच खळगा. ही वळणं कुठल्यातरी जपानी माणसानं कागदावर काढली होती. त्याला यातला एक रुपया मिळणार नाही. मग ही चोरी आहे का?

कायद्याला विचारलं तर उत्तर लगेच मिळतं. भारतात नोंदवलेल्या डिझाइनला आधी 10 वर्षं संरक्षण मिळतं, वाढवून घेतलं तर आणखी 5. पंधरा वर्षांनंतर तो आकार सगळ्यांचा. 1985 च्या टाकीचा हिशेब केव्हाच संपला. पण काकांकडं कायद्याहून साधं उत्तर आहे. ते म्हणाले, "गाडी चालवायचीय ना त्याला? मग कुणीतरी टाकी बनवायला नको?"

या प्रश्नावर मला तरी काही बोलता आलं नाही.

(जुनी कृष्णधवल छायाचित्रं. कारखाना. धूर.)

आता थोडं मागं जाऊ. या टाकीच्या आजोबांकडं.

1939 च्या सुमारास जर्मनीत, चोपाऊ नावाच्या गावात, डीकेडब्ल्यू कंपनीनं आरटी 125 नावाची एक छोटी टू-स्ट्रोक काढली. हर्मान वेबर हा तिचा अभियंता. मग महायुद्ध झालं, जर्मनी हरली, आणि जिंकलेल्यांनी युद्धभरपाई म्हणून जे जे उचललं त्यात या गाडीचे आराखडेही होते. इंग्लंडमध्ये बीएसए कंपनीनं त्यावरून बँटम नावाची गाडी बनवली. आराखडा आरशात दिसावा तसा उलटा केला, कारण इंग्रजांना गिअर उजव्या पायाखाली लागायचा. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसननं आपली 125 काढली. रशियानं मॉस्क्वा काढली. रशियन तर कारखान्यातली यंत्रंसुद्धा घेऊन गेले, आणि वेबरलाही. तो 1948 मध्ये तिकडंच वारला.

जपानला भरपाई मिळण्याचा प्रश्नच नव्हता, तोही हरलेलाच. पण 1955 मध्ये बाजाच्या पेट्या आणि पियानो बनवणाऱ्या घराण्यातल्या एका जपानी कंपनीनं आपली पहिली मोटारसायकल बाजारात आणली. वायए-1. तांबूस रंगामुळं लोक तिला 'आका-टोंबो' म्हणू लागले, म्हणजे लाल चतुर. समोर नमुना ठेवला होता तो आरटी 125 चा. त्याच वर्षी या गाडीनं फुजी पर्वताच्या चढणीची शर्यत मारली.

त्या कंपनीचं नाव यामाहा.

म्हणजे नाना पेठेत ज्या नावाची नक्कल होते, त्या नावाची पहिली गाडीच दुसऱ्याची पाहून केलेली होती. यामाहाला हिणवायला हे सांगत नाही. त्यांनी गाडी उघडली, समजून घेतली, सुधारली आणि आपल्या नावानं विकली. वेबरच्या गाडीवर त्यांनी स्वतःचं चिन्ह लावलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

याच धंद्यातली एक काळी गोष्टही आहे. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा नुसता धूर सोडायचा नळा नसतो. त्याचा फुगीर पोटाचा आकार दाबाची लाट परत इंजिनाकडं ढकलतो आणि निसटू पाहणारं पेट्रोल आत कोंबतो. हे गणित पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वाल्टर काडेननं वर्षानुवर्षं खपून बसवलं. 1961 मध्ये त्याचाच रेसर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीतून पळाला आणि हे गणित घेऊन सुझुकीला जाऊन मिळाला. पुढच्याच वर्षी 50 सीसीचं जगज्जेतेपद डेग्नर आणि सुझुकीच्या खात्यावर लागलं. बाजारात विकलेली वस्तू पैसे मोजून घ्यायची आणि उघडून बघायची, हे एक. घरातल्या माणसानं घरातली वही उचलून न्यायची, हे दुसरं. दोन्हीला आपण 'कॉपी' हा एकच शब्द वापरतो, तिथंच घोटाळा सुरू होतो.

(खंबाटकी घाट. चढण. ट्रकांची रांग.)

माझ्या घरची गोष्ट. वडिलांची आरएक्स. सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून तासून घेतलं, नवा पिस्टन टाकला. पिस्टन ज्या खोक्यातून आला त्यावर कंपनीचं नाव होतं, भाग क्रमांक होता, चकचकीत होलोग्रामही होता. दुकानदारानं पैसेही कंपनीच्या भावानं घेतले. खंबाटकीच्या चढणीला पिस्टन धरला, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसला. मागचं चाक जागच्या जागी लॉक झालं. वडिलांनी जुन्या सवयीनं क्लच दाबला म्हणून वाचले. मागं ट्रक होता.

मेकॅनिकनं हेड उघडलं तेव्हा मी शेजारी उभा होतो. पिस्टनवर वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे, ॲल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला थापलं गेलेलं. आरएक्सचा पिस्टन 50 मिलिमीटरच्या आसपासचा. तो आणि भिंत यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी. चांगल्या पिस्टनच्या मिश्रधातूत सिलिकॉन मोजून घातलेलं असतं, म्हणजे तापल्यावर तो बेतानं फुगतो. आमचा बेतानं फुगला नाही. मेकॅनिक एवढंच म्हणाला, "नकलेलापण अक्कल लागते."

पण माझा राग नकलेवर नव्हता. दुकानदारानं "लोकल आहे" म्हटलं असतं तर वडिलांनी कदाचित घेतला नसता, किंवा घेऊन घाटात जरा जपून चालवली असती. हा निर्णय त्यांचा होता, तो त्या खोक्यानं काढून घेतला. खोटं व्यापारचिन्ह लावण्याला आपल्याकडं सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मला ती कमी वाटते, पण मी त्या गाडीवाल्याचा मुलगा आहे.

(शोरूम. काचेमागं नव्या गाड्या.)

कंपन्यांची बाजू सांगायला भरपूर लोक आहेत, म्हणून मी ती थोडक्यात उरकतो. नक्कल धोकादायक असते, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. त्याआडून सुटे भाग मुठीत ठेवायची हौस असते, हेही खरं. इंग्लंडमध्ये ब्रिटिश लेलँड या मोटार कंपनीनं आर्मस्ट्राँग कंपनीवर दावा लावला होता. भांडण कशावरून, तर मॉरिस मरिना मोटारीच्या धुराच्या नळीवरून. 1986 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, लेलँडला सांगितलं, की तुम्ही गाडी विकलीत तेव्हा ती दुरुस्त करत राहण्याचा हक्कही विकलात, नळी दुसऱ्यानं बनवली म्हणून अडवता येणार नाही. आपल्याकडं 2014 मध्ये स्पर्धा आयोगानं 14 मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, बाहेरच्या गॅरेजची अडवणूक करतात, हा ठपका.

मोठे आणि मोठे भांडतात तेव्हा निदान दोघांकडं वकील असतो.

(चिंचवडच्या पलीकडं. पत्र्याची शेड. ग्राइंडरच्या ठिणग्या.)

या गाळ्यात तीन माणसं काम करतात. एक पाइप बेंडिंगचं मशीन, एक वेल्डिंग सेट, कोपऱ्यात पावडर कोटिंगला जायला बांधून ठेवलेला माल. इथं लांबच्या प्रवासाच्या मोटारसायकलींचे क्रॅश गार्ड बनतात, म्हणजे गाडी पडली तर इंजिन वाचवणारी पाइपची चौकट. मालकाचं नाव सांगत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. सगळे त्यांना मेस्त्री म्हणतात.

"पहिला गार्ड मी पण बघूनच केला," ते स्वतःहून सांगतात. एका युरोपियन कंपनीच्या गार्डचे फोटो मोबाइलवर मोठे करून, पाइपचा व्यास अंदाजानं. तो गार्ड एका गिऱ्हाइकाच्या गाडीवर ब्रॅकेटपाशी तडकला. का तडकला हे शोधण्यात त्यांचे चार महिने गेले. गाडी भाड्यानं आणून उभी केली, व्हर्नियर घेऊन जमिनीवर बसले, एक आधार काढून इंजिन माउंटच्या बोल्टवर नेला. टॅक मारायचा, म्हणजे ठिपक्याएवढं कच्चं वेल्डिंग, बसवून बघायचा, कापायचा, परत टॅक. भिंतीला टेकवून ठेवलेले मोडके गार्ड मी मोजले. अकरा.

बारावा बसला. त्याच संध्याकाळी त्यांनी इन्स्टाग्रामवर रील टाकलं.

इथं त्यांचं चुकलं, आणि हे त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. डिझाइन नोंदवायचं तर ते अर्जाआधी लोकांसमोर आलेलं चालत नाही. रील टाकलं, विषय संपला. शिवाय हा कायदा डोळ्यांना दिसणारं रूप राखतो, यंत्रातली करामत राखत नाही. मेस्त्रींची सगळी अक्कल त्या सरकवलेल्या आधारात होती, जो बसवल्यावर दिसतही नाही. चित्राच्या कॉपीराइटवर तरी भागेल का? नोंदवता येण्याजोगं डिझाइन न नोंदवता त्याचे पन्नासाहून जास्त नग काढले, की तोही जातो. पहिली मोठी ऑर्डरच साठची होती.

सहा महिन्यांत बाजारात तोच गार्ड आला. निम्म्या भावात. पाइप पातळ, वेल्डिंग घाईचं, बाकी सेम टू सेम.

"तुमचाच आहे हे कशावरून?" मी विचारलं.

मेस्त्रींनी दोन्ही गार्ड टेबलावर शेजारी ठेवले आणि डाव्या ब्रॅकेटवर बोट ठेवलं. सहा मिलिमीटरचं भोक. त्यात बोल्ट जात नाही, वायर जात नाही. वेल्डिंग करताना ब्रॅकेट हलू नये म्हणून जिगवर, म्हणजे भाग पकडून ठेवणाऱ्या साच्यावर, एक पिन होती, तिच्यासाठी पाडलेलं. गार्ड तयार झाल्यावर त्या भोकाचं काम संपतं.

नकलेतही ते भोक होतं. त्याच जागी, त्याच मापाचं, नीट काळजीनं पाडलेलं.

आम्ही दोघंही हसलो. मग मेस्त्री हसायचे थांबले. "मी फोटो बघून केला तेव्हा माझा मोडला तरी," ते म्हणाले. "याला मोडायलापण वेळ नाही लागला. माझे अकरा मोडले, त्यातच त्याचं शिक्षण झालं."

युरोपातल्या त्या कंपनीचं मेस्त्रींच्या पहिल्या गार्डनं काही बिघडलं असेल, असं मला वाटत नाही. या माणसाचं बिघडलं. एक कामगार त्यांना दिवाळीनंतर सोडावा लागला. आणि नक्कल करणाराही काही कोट्यधीश नाही. तिकडं भोसरीत, असाच पत्र्याचा गाळा. आम्ही विचारलं, कॅमेऱ्यासमोर यायला तो तयार झाला नाही. फोनवर म्हणाला, "साहेब, मार्केटला आला की माल सगळ्यांचा." हेच वाक्य मी नाना पेठेत टाकीबद्दल ऐकलं असतं तर मान डोलावली असती.

(मेस्त्रींचा गाळा. संध्याकाळ. नवा जिग.)

मेस्त्रींनी आता जिग बदललाय. ब्रॅकेट बाहेरून पकडणारा क्लॅम्प लावलाय. पिन गेली, त्यामुळं भोकही गेलं.

आम्ही सामान आवरत होतो तेव्हा एक गिऱ्हाईक आलं. वीस-बावीस वर्षांचा मुलगा. गार्ड हातात घेऊन उलटासुलटा केला, डावं ब्रॅकेट डोळ्यांजवळ नेलं, मोबाइलवरच्या कुठल्यातरी फोटोशी ताडून पाहिलं.

"मेस्त्री, ओरिजिनलला इथं भोक असतं," तो म्हणाला. "हा डुप्लिकेट आहे काय?"

मेस्त्रींनी आमच्याकडं बघितलं. मग मुलाला बसायला स्टूल दिलं आणि पोऱ्याला म्हणाले, "एक चहा वाढव रे."