टर्नरने टोपी काढली

नमस्कार, श्रोतेहो. आजचं चित्र तुमच्यासमोर नाही, म्हणून घटकाभर डोळे मिटा. कपड्यांच्या बादलीत निळीचा थेंब सोडला की तो कसा पसरत जातो? तसा मधोमध एक निळा किल्ला. मागे पिवळं ऊन, खाली नदी, आणि नदीत तांबूस गाय. निळा किल्ला, पिवळं ऊन, तांबूस गाय. एवढंच.

किल्ला नॉरहॅमचा, नदी ट्वीड. अलीकडे इंग्लंड, पलीकडे स्कॉटलंड. त्यामुळे ११२१ साली उभा राहायला लागल्यापासून त्याला वेढे पडतच राहिले. चित्रकार टर्नर.

आता मला मनापासून आवडणारी गोष्ट. साल १८३१. टर्नर ५६ वर्षांचा, मोठं नाव झालेलं. कॅडेल नावाच्या प्रकाशकाबरोबर तो ट्वीडच्या काठाने चालला होता. नॉरहॅमचे पडके बुरूज दिसले मात्र, टर्नरने टोपी काढली आणि किल्ल्याला चांगलं वाकून अभिवादन केलं. पडक्या भिंतींना! कॅडेल चकित. हे काय, म्हणून त्याने विचारलं. टर्नर म्हणाला, बऱ्याच वर्षांपूर्वी मी या किल्ल्याचं चित्र काढलं, ते लोकांना आवडलं, आणि त्या दिवसापासून माझ्या हातांना कामाची कधी वाण पडली नाही.

लंडनच्या एका न्हाव्याचा हा मुलगा. १७९७ साली, बाविसाव्या वर्षी, तो स्केचबुक घेऊन इथे आला होता. पुढच्याच वर्षी रॉयल अकॅडमीत, म्हणजे लंडनच्या नामांकित कलासंस्थेच्या प्रदर्शनात, त्याचं नॉरहॅमचं जलरंगचित्र लागलं. ते उपकार तो विसरला नव्हता.

आणि त्याने नॉरहॅम सोडला नाही. पुन्हा काढला, पुन्हा काढला. तुमच्या घरातलं मूल रोज तेच दोन डोंगर, मधे सूर्य आणि खाली नदी काढत असेल, तर कृपा करून ‘आता दुसरं काहीतरी काढ’ म्हणू नका. काढू द्या त्याला.

आपण डोळे मिटून पाहिलं ते शेवटचं, साधारण १८४५ चं तैलचित्र. तैलरंग असूनही जलरंगासारखा पातळ हात. टर्नरने ते कधी प्रदर्शनात मांडलं नाही. १८५१ साली तो गेला. लोकांना हे चित्र पहिल्यांदा दिसलं १९०६ मध्ये. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. पहिल्या चित्रातही नदीत गुरं होती. जवळपास ५० वर्षांत किल्ल्याचे दगड विरघळून नुसती निळाई उरली. गाय मात्र अजून पाण्यात उभी आहे.