नळाला फुले वाहणारे गाव : यूलग्रेव्हचा उन्हाळा

(दृश्य : दगड रचून केलेल्या गडग्यांमधून आणि हिरव्या कुरणांवरून कॅमेरा हळूहळू गावाकडे येतो.)

इंग्लंडच्या मध्यभागी, डर्बीशर परगण्यात, बेकवेल या बाजारगावाच्या दक्षिणेला सुमारे पाच किलोमीटरवर यूलग्रेव्ह हे हजाराच्या आसपास वस्तीचे गाव आहे. एका लांबलचक रस्त्याच्या दोन्ही अंगांना दगडी घरे, उंच मनोऱ्याचे जुने चर्च, गावकऱ्यांच्या संध्याकाळी जिथे जातात ते पब आणि खाली दरीतून वाहणारी ब्रॅडफर्ड नदी, एवढाच त्याचा पसारा. भोवतीचा प्रदेश १९५१ साली ब्रिटनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालेला पीक डिस्ट्रिक्ट असल्यामुळे पायी भटकणाऱ्यांची इथे बारमाही वर्दळ असते. जूनच्या अखेरीस मात्र गावात येणारा माणूस डोंगर पाहायला आलेला नसतो. तो इथले नळ पाहायला आलेला असतो.

त्या दिवसांत गावातल्या जुन्या सार्वजनिक नळांपाशी माणसापेक्षा उंच लाकडी पाट उभे राहतात आणि त्या पाटांवर फुलांच्या पाकळ्या, पाने, बिया, शेवाळ आणि झाडांच्या साली यांतून साकारलेली चित्रे असतात. या प्रथेला इथे वेल ड्रेसिंग म्हणतात. डर्बीशरमधील अनेक गावे मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत आपापल्या ठरलेल्या आठवड्यात आपली विहीर, झरा किंवा पाणवठा असा सजवतात. यूलग्रेव्हमध्ये विहिरीची जागा नळाने घेतली आहे, आणि या गावाची खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

(दृश्य : चुनखडीचे कडे, कोरडे पडलेले नदीपात्र.)

पीक डिस्ट्रिक्टचा हा दक्षिणेकडचा भाग चुनखडीच्या पठाराचा आहे. चुनखडीला भेगा फार असतात, त्यामुळे पावसाचे पाणी पृष्ठभागावर न थांबता खाली मुरते, भूगर्भातल्या वाटांनी भलतीकडेच जाते आणि उन्हाळ्यात काही ठिकाणी ओढेच्या ओढे दिसेनासे होतात. इंग्लंड म्हणजे सततचा पाऊस, अशी आपली समजूत असली, तरी या पठारावरच्या गावांना पाण्याची विवंचना पिढ्यान्‌पिढ्या होती. जिथे झरा हमखास वाहत राही, तिथे गाव वसे. आणि वस्ती उंचावर व नदी खोल दरीत असेल, तर घागरी वाहण्याचे काम अर्थातच बायकांच्या आणि मुलांच्या वाट्याला येई.

यूलग्रेव्हची स्थिती नेमकी अशी होती. नदी दरीच्या तळाशी आणि घरे वरच्या उतारावर. या पायपिटीवर उपाय काढण्यासाठी पुढे झाली ती गावातल्या स्त्रियांची परस्पर साहाय्य संस्था. आजारपण, बाळंतपण किंवा मृत्यू अशा प्रसंगी सभासदांना आधार मिळावा, म्हणून थोडी थोडी वर्गणी साठवणाऱ्या अशा संस्था त्या काळी इंग्लंडभर होत्या. सरकारी विम्याचा तेव्हा कुठे मागमूसही नव्हता. यूलग्रेव्हच्या स्त्रियांनी याच संघटनेच्या बळावर पाण्याचा प्रश्न लावून धरला आणि १८२९ साली दरीपलीकडच्या झऱ्याचे पाणी नळाने गावात आले.

(दृश्य : गावाच्या मध्यावरील गोलाकार दगडी टाकी, वेगवेगळ्या बाजूंनी.)

ही ती टाकी. गावकरी तिला फाउंटन म्हणतात. नावावरून कारंज्याची अपेक्षा करणाऱ्याचा थोडा हिरमोड होईल, कारण ही एक गोल, जाडजूड, अजिबात नखरा नसलेली दगडी वास्तू आहे. तिच्यात हजाराहून अधिक गॅलन पाणी मावत असे. पाणी हवे असलेल्या प्रत्येक घराने वर्षाला सहा पेन्स द्यायचे, टाकीला कुलूप असायचे आणि नेमलेल्या माणसाने सकाळी ते उघडायचे, अशी व्यवस्था होती. पाणी आले, त्यासोबत हिशेबही आला आणि रांगही आली. नळ सजवण्याची इथली परंपरा याच १८२९ सालापासून धरली जाते.

इथून फार दूर नसलेल्या टिसिंग्टन गावात वेल ड्रेसिंगची परंपरा याहून बरीच जुनी सांगितली जाते. एका समजुतीनुसार १३४९ मध्ये प्लेगने मुलूख उद्ध्वस्त केला, तेव्हा निर्मळ पाण्यामुळे गाव वाचले. दुसऱ्या समजुतीनुसार १६१५ च्या भीषण अवर्षणातही तिथल्या विहिरी आटल्या नाहीत. ख्रिस्तपूर्व काळातल्या जलदेवतांच्या पूजेपर्यंत हा धागा मागे नेणारेही अनेक आहेत. या कथा ऐकायला गोड आहेत आणि टिसिंग्टनची सजावट तर अप्रतिमच असते. परंतु प्रस्तुत निवेदकाला यूलग्रेव्हची गोष्ट अधिक मोलाची वाटते. इथे गावकरी ज्याचे आभार मानतात, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वर्गणी काढून, खटपट करून, खोदून आणलेले पाणी आहे, आणि ते कोणत्या वर्षी आले हे सर्वांना ठाऊक आहे.

(दृश्य : पाण्यात बुडवून ठेवलेले लाकडी पाट, मोठ्या टबात माती तुडवणारे पाय.)

तयारीची सुरुवात पाटांपासून होते. शेकडो खिळे ठोकलेले हे जड पाट काही दिवस पाण्यात बुडवून ठेवतात, कारण कोरडे लाकूड मातीतला ओलावा शोषून घेते आणि मग माती तडकते. दुसरीकडे चिकणमातीत पाणी आणि मीठ घालून ती पायांनी तुडवली जाते. मिठामुळे माती जास्त दिवस ओलसर राहते. खिळ्यांमुळे उभ्या पाटावरून ती ओघळत नाही. माती तुडवायला मुलांना बोलावणे धाडावे लागत नाही. गुडघाभर चिखलात उतरण्याची अधिकृत परवानगी वर्षातून किती वेळा मिळते?

लोण्यासारखी मऊ झालेली माती पाटावर थापून सारखी केली, की कागदावर काढलेले संपूर्ण चित्र तिच्यावर पसरतात आणि सुईने किंवा दातेरी चाकाने टोचत रेषा मातीत उतरवतात. कागद उचलला, की ठिपक्यांच्या रूपात चित्र मागे राहते. मग बाह्यरेषा भरायच्या. त्यासाठी ओढ्याकाठी वाढणाऱ्या आल्डर वृक्षाची छोटी काळी बोंडे एकेक करून मातीत रोवतात. काही गावांत मिरीचे दाणे किंवा कॉफीच्या बियाही चालतात. त्यानंतर दीर्घकाळ टिकणाऱ्या वस्तूंची पाळी येते : दगडफूल, शेवाळ, साली, बिया, पाने. पाकळ्या अगदी शेवटी, कारण त्या सर्वांत आधी कोमेजतात.

(दृश्य : पाटावर वाकलेले चेहरे, बोटांच्या चिमटीत एकेक पाकळी.)

पाकळ्या बसवण्याची रीत काटेकोर आहे. सुरुवात चित्राच्या खालच्या कडेपासून करायची आणि वरची प्रत्येक ओळ खालच्या ओळीवर किंचित चढवत जायची, जशी छपरावर कौले चढवतात. असे केल्याने पावसाचे पाणी पाकळ्यांच्या आत न शिरता वरच्या वर निथळते, आणि इंग्लिश उन्हाळ्यात पावसाचा विचार न करता काही मांडणे हा शुद्ध अविचार ठरतो. निळ्या रंगासाठी हायड्रेंजियाच्या पाकळ्यांना विशेष मागणी असते, कारण निसर्गात निळा रंग मोजकाच मिळतो आणि चित्रांत आकाश तर हमखास असते. केवळ निसर्गातून मिळालेले साहित्य वापरायचे, हा सर्वमान्य नियम आहे. मात्र लोकर चालते का, वाळू चालते का, दुकानातून विकत आणलेली फुले वापरली तर बिघडते का, यावर गावागणिक मतभेद आहेत आणि ते मतभेद मनापासून जोपासले जातात.

हे सारे काम दोन-तीन दिवसांत उरकावे लागते. आधी सुरू केले तर फुले टिकत नाहीत, उशिरा सुरू केले तर चित्र अपुरे राहते. त्यामुळे शेवटच्या रात्री शेडमध्ये आणि गॅरेजमध्ये उशिरापर्यंत दिवे जळत असतात. निवृत्त शिक्षिका, शेतकरी, सुट्टीसाठी घरी आलेली विद्यार्थिनी आणि मागच्याच वर्षी गावात राहायला आलेले जोडपे अशी माणसे एका पाटाभोवती तासन्‌तास वाकून बसतात. हातांना काम आणि तोंडाला मोकळीक असल्यामुळे बोलणे भरपूर होते. गावातल्या कित्येक बातम्यांचा प्रसार याच काळात होतो, असे मानायला जागा आहे. नवख्या माणसाला गावात सामावून घेण्याची याहून सोपी रीत सापडणे कठीण, कारण इथे कोणी त्याची चौकशी करत नाही. त्याच्या हातात पाकळ्यांची बशी देतात आणि कोपऱ्यातला ढग भरायला सांगतात.

(दृश्य : सजवलेले नळ, जमलेली माणसे, वाद्यवृंद.)

२४ जून हा संत जॉन द बॅप्टिस्टचा सण. त्याच्या आसपासच्या शनिवारी यूलग्रेव्हचे पाट उभे राहतात, धर्मगुरू पाण्याला आशीर्वाद देतात आणि पुढचा आठवडाभर चित्रे लोकांसाठी खुली असतात. पूर्वी विषय बहुतेक बायबलमधले असत. आता राज्याभिषेक, एखाद्या घटनेची शताब्दी, पक्षी, परिकथा असे काहीही चालते. तरीही पाण्याशी नाते सांगणारा प्रसंग आजही अनेकदा निवडला जातो. गावाचा स्वतःचा सिल्व्हर बँड आहे. पितळी वाद्यांचे असे वाद्यवृंद उत्तर आणि मध्य इंग्लंडमधील खाणी-गिरण्यांच्या परिसरात एकोणिसाव्या शतकात रुजले, आणि शिशाच्या खाणींवर पोसलेला हा मुलूख त्याला अपवाद नव्हता. आज खाणी बंद आहेत, पण तालमी चालू आहेत.

या अक्षांशावर जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो आणि पहाटे पाचच्या आधी पुन्हा उगवतो. सहा महिन्यांच्या काळोख्या, ओल्या हिवाळ्यानंतर मिळालेला हा उजेड वाया घालवणे गावाला परवडत नाही. म्हणूनच उन्हाळ्याचे प्रत्येक शनिवार-रविवार कोणत्या ना कोणत्या कार्यक्रमाने व्यापलेले असतात. ब्रॅडफर्ड नदीला बांध घालून तयार केलेल्या डोहात मुले पोहतात, आणि ते पाणी जुलैतही किती गार असते हे त्यांच्या आरोळ्यांवरून कळते. आजूबाजूच्या गावांत फेट, म्हणजे छोट्या जत्रा, भरतात : पताका, केकचे स्टॉल, जुन्या पुस्तकांची विक्री, लॉटरीची तिकिटे आणि चहाची मोठी किटली. क्रिकेटचे सामने होतात, त्यांतले काही पूर्णही होतात. बॉन्सॉल गावात ऑगस्टमध्ये पबच्या आवारात कोंबड्यांच्या शर्यती लावतात. बहुतांश स्पर्धकांना धावण्यात रस नसल्यामुळे निकाल लागायला वेळ लागतो. बेकवेलचे १८१९ मध्ये सुरू झालेले कृषिप्रदर्शन या सर्वांत मोठे, पण तिथे गावकऱ्यापेक्षा पाहुणाच जास्त दिसतो.

(दृश्य : ग्रामसभागृहाच्या दारावरील सूचनाफलक.)

या गजबजाटामागचे यंत्र पाहायचे असेल, तर सूचनाफलकापाशी थांबावे. १८९४ च्या कायद्याने इंग्लंडमधील गावांना पॅरिश कौन्सिल मिळाले. हे सर्वांत खालच्या पायरीचे लोकनियुक्त मंडळ आहे, त्याचे अधिकार मर्यादित आहेत आणि बाकडी, पायवाटा, दफनभूमी, खेळाचे मैदान असे विषय त्याच्या बैठकांत येतात. उरलेले जवळजवळ सगळे समित्या करतात. सभागृहाची समिती, बँडची समिती, नळ सजवणाऱ्यांचे गट. आणि बारकाईने पाहिले तर तीच पाच-पंचवीस माणसे वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसलेली आढळतात. ही गोष्ट कौतुकाची आहे, तशीच काळजीचीही.

यूलग्रेव्हने या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले आहे. १९८९ मध्ये इंग्लंडमधील पाणीपुरवठ्याचे खासगीकरण झाले आणि मोठ्या कंपन्यांकडे तो कारभार गेला. या गावाचे पाणी मात्र आजही गावाच्याच छोट्या कंपनीकडून, यूलग्रेव्ह वॉटरवर्क्सकडून येते. वाहिनी फुटली, दाब कमी झाला, तर तक्रार ओळखीच्या माणसाकडेच करायची असते. त्यामुळे तक्रारीची भाषा जरा जपून वापरावी लागते, हा भाग वेगळा.

(दृश्य : घराच्या दारावर चावीची छोटी पेटी, बंद खिडक्या.)

राष्ट्रीय उद्यानात नव्या बांधकामावर कडक निर्बंध आहेत आणि देखण्या दगडी घरांना बाहेरून मागणी प्रचंड आहे. परिणामी या परिसरातली कितीतरी घरे सुट्टीपुरती भाड्याने दिली जातात किंवा वर्षातले बरेच महिने रिकामी राहतात. इथेच वाढलेल्या तरुणांना इथे घर घेणे परवडत नाही. ज्या घरात आठवड्याला नवा पाहुणा येतो, त्या घरातून माती तुडवायला कोण येणार? गावाला पर्यटकांचा पैसा हवा आहे, कारण पब आणि दुकान त्यावरही चालते. आणि पर्यटक जे पाहायला येतात, ते घडवणारी माणसे मात्र त्याच पर्यटनामुळे दूरच्या शहरांत ढकलली जात आहेत. या पेचावर कोणत्याही समितीला अजून पुरता तोडगा सापडलेला नाही.

२०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे डर्बीशरमधील बहुतेक गावांनी सजावट रद्द केली. अशा खंडाची खरी भीती चुकलेल्या वर्षाची नसते, सुटलेल्या हातांची असते. आल्डरची बोंडे कुठल्या ओढ्याकाठी मिळतात, मातीत मीठ किती घालायचे, कोणती पाकळी तिसऱ्या दिवशी तपकिरी पडते, हे कुठे फारसे लिहून ठेवलेले नाही. शेजारी बसून काम करतानाच ते एकाकडून दुसऱ्याकडे जाते.

(दृश्य : पाट खाली उतरवले जात आहेत, फावड्याने माती खरवडली जात आहे.)

आठवडा सरला, की कडा सुकून माती तडकू लागते आणि आकाशाचा निळा रंग करडा पडतो. मग पाट उतरवतात, माती खरवडून काढतात, ती वापरण्याजोगी असेल तर पुन्हा ओली करून झाकून ठेवतात आणि खिळ्यांसकट पाट शेडमध्ये परत जातात. पुढच्या वर्षीचे चित्र कोणते, यावरचा वाद बहुधा पाट धुता धुताच सुरू होतो.