बॉइनच्या उतारावरून पळालेला राजा

नमस्कार, श्रोतेहो.

आयर्लंडमधल्या द्रोहेडा शहराच्या जरा वरच्या अंगाला, ओल्डब्रिजपाशी बॉइन नदीला उतार आहे. ओहोटी लागली की माणसं चालत पलीकडे जात. १ जुलै १६९० रोजी इथं इंग्लंडच्या गादीसाठी सासरा-जावई लढले. गादी गेलेला सासरा दुसरा जेम्स, गादीवर बसलेला जावई तिसरा विल्यम. जावयाकडे सुमारे ३६ हजारांची फौज, सासऱ्याकडे २४ हजारांच्या आतबाहेर, बहुतेक आयरिश.

विल्यमच्या बाजूच्यांनी आठवणीत जपला तो त्याचा पांढराशुभ्र घोडा. उत्तर आयर्लंडमधल्या भिंतींवर तो आजही रंगवतात. प्रत्यक्षात घोडा बहुधा पांढरा नव्हता, आणि नदी ओलांडताना तो चिखलात रुतला होता.

मला मात्र हरलेल्यांची गोष्ट जास्त भावते. लढाई हातची गेल्यावर जेम्सनं थेट डब्लिन गाठलं. तिथं आयर्लंडमधल्या आपल्या प्रतिनिधीच्या बायकोपाशी, लेडी टिरकॉनेलपाशी, तो करवादला, "तुमचे देशबांधव पळण्यात भारी चपळ, बाईसाहेब!" ती म्हणाली, "खरंय महाराज, पण शर्यत आपणच जिंकलेली दिसते." हे संभाषण असंच झालं, याला पुरावा नाही. तरी तीनशे वर्षं लोक ते सांगत आले. का बरं?

कारण बोल सैनिकांना लागला होता, आणि तो अन्यायाचा होता. विल्यमनं फौजेचा एक भाग वरच्या अंगाला रॉसनारीकडे पाठवून हूल दिली. जेम्स फसला, आपलं बहुतेक सैन्य त्यानं तिकडे धाडलं. तिथं मधे ओढा आणि दलदल, त्यामुळे लढाई झालीच नाही. इकडे उतारावर मूठभर उरले. जेम्सचं पायदळ मोडलं, पण त्याचं आयरिश घोडदळ पुन्हा पुन्हा चाल करून गेलं. विल्यमचा म्हातारा सेनापती शोम्बर्ग या धुमश्चक्रीतच पडला. अशा माणसांना भित्रं कोण म्हणणार? लोकांनी राजालाच भित्रा ठरवलं, आणि त्याला असं घाणेरडं नाव ठेवलं की ते मी इथं उच्चारत नाही.

पॅट्रिक सार्सफील्ड या आयरिश सरदाराच्या तोंडी तर एक वाक्य घातलं जातं: "राजांची अदलाबदल करा, आम्ही पुन्हा लढतो!"

राजा फ्रान्सला निघून गेला. राजाविना ती फौज पुढं सव्वा वर्ष लढत राहिली. ऑक्टोबर १६९१ मध्ये लिमरिकचा तह झाला, तेव्हाच तिनं शस्त्रं खाली ठेवली.