वालाला युरिया कशाला?

(ठाण्यात गच्चीवर बाग करणाऱ्या मंडळींसमोर झालेलं बोलणं, थोडं नीट करून)

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधून एक तक्रार हमखास येते, वालाचा वेल मस्त हिरवागार, पानं तळहाताएवढी, पण शेंगा नाहीत. मी विचारतो, युरिया टाकला का? तर, थोडासाच टाकला हो! आता हा थोडासाच म्हणजे किती ते ज्याचं त्याला माहीत, पण युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे नायट्रोजन असतं, कुंडीत चमचाभर पण खूप झालं, वेल नुसता पानांत रमतो. आणि वालाला ते बाहेरून फारसं लागतच नाही.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे पण झाडाला तो तसाच घेता येत नाही. वालासारखी शेंगवर्गातली झाडं मुळांवर गाठी करतात, त्यात रायझोबियम जिवाणू राहतात आणि ते हवेतला नायट्रोजन अमोनियात बदलतात. हेलरीगल आणि विलफार्थ या दोघा जर्मनांनी १८८६ मध्ये हे मांडलं, मग १८८८ मध्ये बायरिंक या डच शास्त्रज्ञानं तो जिवाणू वेगळा काढला. पण झाड या जिवाणूंना फुकट ठेवत नाही, पानांत बनवलेली साखर त्यांना द्यावी लागते. मग मातीतच नायट्रेट, म्हणजे मुळांना घेता येणारा नायट्रोजन, आयतं मिळालं तर झाड म्हणतं कशाला हा खर्च, रोज घरी डबा येतोय तर गॅस कोण पेटवणार? गाठी कमी येतात, आल्या तरी नीट काम करत नाहीत.

म्हणजे काहीच द्यायचं नाही असं पण नाही हं. नायट्रोजनचा एक रेणू फोडायला कमीत कमी १६ एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) लागतात, आणि एटीपीमध्ये स्फुरद, म्हणजे फॉस्फरस असतं, त्यामुळे स्फुरद कमी पडलं की गाठी आधी रुसतात. आपल्या कोकणातली लाल जांभ्याची माती आंबट, तिच्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून बसतं, टाकलेलं खत मातीत असतं पण मुळाला मिळत नाही. वर मोलिब्डेनम! हे लागतं अगदी चिमूटभरच, पण नायट्रोजन फोडणारं एन्झाइम त्याच्याशिवाय चालत नाही, आणि आंबट मातीत बाकीची बरीच सूक्ष्म द्रव्यं जास्त मिळतात तर हे नेमकं उलटं, कमी मिळतं. म्हणून थोडा चुना घालून आंबटपणा कमी केला की कधीकधी मोलिब्डेनम वेगळं न देताही फरक पडतो. पण मातीचा सामू (pH) तपासून घाला, अंदाजपंचे पोतं ओतू नका.

कोकोपीटच्या बॅगेत तर बहुतेक वेळा रायझोबियमच नसतो, तिथं पेरताना बियांना रायझोबियमचं कल्चर (जिवाणूंचं तयार विरजण) चोळा, वालाला चवळी गटाच्या जिवाणूंचं.

कोणीतरी विचारलं, गाठ चालू आहे हे कळणार कसं? फुलं यायला लागली की एखादं झाड हलकेच उपटा, गाठ नखानं चिरा. आत गुलाबी-लाल दिसलं तर काम जोरात चाललंय, तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारख्या गाठीतल्या प्रथिनाचा. पांढरी असेल तर एकतर कोवळी आहे नाहीतर नुसती बसून खातेय. हिरवट किंवा तपकिरी म्हणजे रिटायर झाली.

आणि हो ताई, जास्वंदीला गाठी येणार नाहीत, ती शेंगवर्गातली नाही, तिला खत घालावंच लागेल.